सिनेमा बनवायचा नाही, दाखवायचा आहे

मागच्या अंकात फिल्म फेस्टिव्हलमधल्या नोकऱ्यांबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली, तेवढी एरवी अख्ख्या लेखावर येत नाहीत. त्यातली चार निवडली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत, कारण चौघांपैकी दोघांनी घरी अजून काही सांगितलेलं नाही.

प्रश्न : ताई, आधीच सांगते, मला अहो-जाहो करू नका. मी २३ वर्षांची आहे. बी.कॉम. झालंय, सध्या एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न्स भरते. कॉलेजात असताना फिल्म क्लब चालवायचे. प्रोजेक्टर मागून आणणं, सबटायटल्स शोधणं, पोस्टर चिकटवणं, सगळं मीच. त्यात जो जीव रमला तो रिटर्न्समध्ये रमत नाही. मला दिग्दर्शक व्हायचं नाही. मला सिनेमा बनवायचा नाही, दाखवायचा आहे. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण कुठलं घ्यावं? एफटीआयआय, एमबीए, की सरळ परदेश? आई म्हणते, आधी हे काम काय असतं ते एका वाक्यात सांग. मला सांगताच येत नाही. (मिरज)

उत्तर : बरं, नाही करत अहो-जाहो. आईला सांगायचं वाक्य हे घे : तयार झालेला सिनेमा त्याच्या प्रेक्षकापर्यंत पोचवायचा आणि खेळ संपल्यावर तो पुढच्यांसाठी जपून ठेवायचा. फेस्टिव्हलची ऑफिसं, फिल्म सोसायट्या, संग्रहालयं, परदेशी सांस्कृतिक केंद्रं आणि आता ओटीटीवर कुठला सिनेमा घ्यायचा ते ठरवणारी टीम, ही सगळी या कामाची ठिकाणं. यावर आई लगेच पगार विचारेल. त्याच्याकडे येतेच आहे.

पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआयच्या, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटच्या, त्या फाटकाची ओढ मला समजते. प्रभात स्टुडिओची ती जागा, तिथली झाडं, सगळं खरं. पण एफटीआयआयमध्ये सिनेमा बनवायला शिकवतात : दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी, कलादिग्दर्शन, पटकथा, अभिनय. कोलकात्याच्या सत्यजित राय इन्स्टिट्यूटमध्ये निर्मात्यांसाठीचा अभ्यासक्रम आहे, तो तुझ्या कामाच्या जरा जवळचा, पण तोही बनवणाऱ्यांच्या बाजूचाच. दाखवणाऱ्यांची पदवी आपल्याकडे एका छपराखाली शोधत बसू नकोस. तुकडे गोळा करून ती आपली आपण शिवावी लागते.

एमबीए कर असं मी सांगणार नाही. तुझं अर्धं एमबीए त्या सीएंच्या ऑफिसात चालूच आहे. गंमत वाटेल, पण फेस्टिव्हलच्या ऑफिसात इराणी सिनेमावर तासभर बोलणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. फ्रान्सच्या कंपनीला स्क्रीनिंग फी पाठवायची आहे, बँक कराचा फॉर्म मागते आहे, कर कापायचा की नाही, असं कुणी विचारलं की खोलीत सगळ्यांना अचानक चहा आठवतो. एकेका परदेशी सिनेमाच्या एकेका खेळाला काहीशे युरो पडतात. असे शंभर सिनेमे धर. शिवाय प्रायोजकाचा हप्ता फेस्टिव्हल संपल्यावर येणार आणि थिएटरवाल्याला पैसे आधी लागणार. हा हिशेब ज्याला जमतो त्याला दरवर्षी पुन्हा बोलावणं येतं. तेव्हा बी.कॉम. लपवू नकोस, अर्जात पहिल्या ओळीत टाक.

आता हे काम म्हणजे नेमकं काय, ते एका सकाळीवरून सांगते. फेस्टिव्हल कुठला ते विचारू नकोस. दहाचा खेळ होता, युरोपातला एक संथ, सुंदर सिनेमा. हल्ली रिळांची पेटी येत नाही, हार्ड डिस्क येते. तिच्यात डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चढवायची सिनेमाची डिजिटल प्रत. बऱ्याचदा ती कुलूपबंद असते आणि किल्ली ईमेलने वेगळी येते. तिला केडीएम म्हणतात. ही किल्ली एकाच ठरावीक सर्व्हरवर आणि ठरलेल्या तारखा-वेळांमध्येच चालते. सिनेमा आदल्या दिवशी चढवून झाला होता, किल्लीही आली होती. पण मल्टिप्लेक्सने मधल्या काळात तीन नंबरच्या पडद्याचा सर्व्हर बदलला होता आणि ते कुणी आम्हाला कळवलं नव्हतं. किल्ली जुन्या सर्व्हरची. सव्वानऊला ऑपरेटर खाली आला आणि म्हणाला, "मॅडम, उघडत नाहीये." त्या वेळी पॅरिसमध्ये पहाटेचे पावणेपाच वाजले होते. फोन कोण उचलणार?

बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली. त्यात सकाळी सातपासून डबा घेऊन बसलेले निवृत्त प्राध्यापक, बँकवाले, नेहमीची आमची मंडळी. अशा वेळी तीन गोष्टी एकाच डोक्यात असाव्या लागतात. कुठल्या सिनेमाच्या प्रतीला कुलूप नाही? त्यातला कुठला सिनेमा दुसऱ्या पडद्यावर आत्ता चालू नाही? आणि संथ सिनेमा पाहायला आलेल्या या रांगेला त्यातला कुठला रुचेल? आम्ही दुपारचा एक सिनेमा दहाला ओढला. व्हॉलंटियर म्हणून आलेली एक कॉलेजातली मुलगी रांगेपुढे उभी राहिली आणि त्या सिनेमाबद्दल दोन मिनिटं इतकं छान बोलली की, कुरकुर झाली पण उठून कुणी गेलं नाही. नव्या सर्व्हरची किल्ली दुपारी आली, मूळ सिनेमा संध्याकाळी लागला. ती मुलगी पुढच्या वर्षी व्हॉलंटियर नव्हती, प्रोग्रॅमिंग विभागात, म्हणजे सिनेमे निवडणाऱ्यांत, पगारावर होती.

सिनेमाची जाण, यंत्राची जाण आणि माणसांची जाण एकाच वेळी लागते ती अशी. पदवी यातली पहिली देते, दुसऱ्याची तोंडओळख करून देते. तिसरी रांगेपुढेच येते.

तर तुकडे. पुण्यात उन्हाळ्यात होणारा फिल्म अॅप्रिसिएशनचा निवासी कोर्स आधी कर. एफटीआयआय आणि राष्ट्रीय फिल्म अर्काइव्ह, म्हणजे जुन्या फिल्म्सचं संग्रहालय, मिळून तो घेत आले आहेत. काही आठवड्यांचाच असतो. सुट्टी काढता येते, नोकरी सोडावी लागत नाही. त्यात दिवसभर पाहायचं आणि रात्री मेसमध्ये त्यावर भांडायचं. आपण जे पाहतो ते का आवडलं हे चार वाक्यांत मांडता येणं ही या धंद्यातली रोजची गरज आहे. कॅटलॉगमध्ये प्रत्येक सिनेमाला एक परिच्छेद लागतो आणि तो "मानवी मनाचा वेध घेणारा" असा असून चालत नाही.

खरी दोन वर्षांची पदवी हवी असेल तर कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ. तिथला फिल्म स्टडीज विभाग १९९३ पासून आहे आणि फी ऐकून तुझा विश्वास बसणार नाही, इतकी ती कमी आहे. दिल्लीत जेएनयूच्या स्कूल ऑफ आर्ट्स अँड इस्थेटिक्समध्ये एम.ए.ला सिनेमाचा अभ्यास करता येतो. दोन्हीकडे शिकवतात तो विचार : सिनेमाचा इतिहास, प्रेक्षक, सेन्सॉर, स्टुडिओंचं अर्थकारण. डीसीपी कुणी शिकवणार नाही. पण जादवपूरला गेलीस तर एक जादा फायदा आहे. कोलकाता हे फिल्म सोसायट्यांचं माहेर. १९४७ साली तिथे कॅलकटा फिल्म सोसायटी निघाली आणि १९५९ साली देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला तेव्हा सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष होते. अजूनही त्या शहरात सिनेमा दाखवणं हे लोकांना गंभीर काम वाटतं. दोन वर्षं अशा हवेत राहणं स्वस्तात पडतं.

परदेशात मात्र नेमक्या तुझ्या कामाच्या पदव्या आहेत. इंग्लंडमध्ये बीकन्सफील्डच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये फिल्म स्टडीज, प्रोग्रॅमिंग अँड क्युरेशन (म्हणजे सिनेमे निवडून मांडणं) नावाचं एम.ए. आहे, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या साथीनं चालवलेलं. एडिंबरा विद्यापीठात फिल्म, एक्झिबिशन अँड क्युरेशनची एक वर्षाची एमएससी आहे. स्पेनमध्ये सान सेबास्तियानला २०१८ साली एलियास केरेहेता शाळा निघाली. तिथे संग्रह, क्युरेशन आणि निर्मिती अशा तीन वाटा आहेत आणि तिथला मोठा फेस्टिव्हल शाळेच्या चालकांपैकीच एक. स्पॅनिश शिकायची तयारी असेल तर तिची माहिती जरूर काढ.

पण आत्ता जाऊ नकोस. का, ते सांगते. इंग्लंडसाठीची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या मास्टर्सचा सगळा खर्च उचलते, आणि तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तासांत मोजला तर २,८०० तास. सीएंच्या ऑफिसातलं तुझं कामही त्यात धरता येतं. म्हणजे मधली दोन वर्षं वाया जात नाहीत, ती भरतात. शिष्यवृत्ती संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, तर ते तुला हवंच आहे. त्या अर्जात पुढारपणाबद्दल निबंध लिहायचे असतात. तिथे कॉलेजच्या फिल्म क्लबपेक्षा मोठं काहीतरी दाखवायला हवं.

ते मोठं काहीतरी तुझ्यापासून तासाभरावर आहे. कोल्हापूर. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२९ साली जिथे प्रभात सुरू झाली, त्या गावात आजही पेंटरांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे आणि ती फेस्टिव्हल भरवते. लहान ठिकाणी काम माग. मोठ्या फेस्टिव्हलमध्ये तुला गळ्यात कार्ड घालून दारावर उभं करतील. लहान ठिकाणी मनुष्यबळ कमी, त्यामुळे पहिल्याच वर्षी वेळापत्रक, पाहुण्यांची तिकिटं आणि माहिती-प्रसारण मंत्रालयाकडचा सेन्सॉर-सवलतीचा अर्ज असं सगळं हातात येतं. (प्रमाणपत्र नसलेला परदेशी सिनेमा फेस्टिव्हलमध्ये दाखवायला ही सवलत लागते आणि मग तो नोंदणी केलेल्या डेलिगेटांनाच दाखवता येतो. हे ज्याला तोंडपाठ आहे त्याची किंमत फार.) मग जानेवारीत पुण्याचा फेस्टिव्हल, आणि एकदा तरी डिसेंबरात तिरुवनंतपुरम. केरळचा आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल, आयएफएफके, १९९६ पासून चालू आहे. तिथे रिक्षावालाही तुम्हाला आज काय पाहिलंत ते विचारतो आणि उत्तर चुकलं तर वाद घालतो. प्रेक्षक कसा घडवायचा याचं शिक्षण केरळात फुकट मिळतं.

आईचा पगाराचा प्रश्न. फेस्टिव्हलमधली बहुतेक कामं हंगामी असतात, तीन-चार महिन्यांचा करार. उरलेल्या वर्षात माणसं सबटायटल्स करतात, भाषांतर करतात, दुसऱ्या फेस्टिव्हलसाठी आलेले सिनेमे पाहून गुण देतात. वर्षभराच्या पगाराच्या जागा थोड्या आहेत आणि त्या बहुधा मुंबई, पुणे, दिल्ली, गोवा, केरळ इथेच. पहिली तीन-चार वर्षं जीएसटीची रिटर्न्स घरून भरत राहिलीस तर मी हसणार नाही. फेस्टिव्हलमधल्या माझ्या ओळखीच्या दर दुसऱ्या माणसाचं असं एक गुपित पोटापाण्याचं काम आहे.

प्रश्न : माझा मुलगा इतिहासात बी.ए. झाला. जुन्या फिल्म्सचं त्याला वेड आहे. अॅमस्टरडॅम विद्यापीठात फिल्म जतनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिथेच जायचं म्हणतो. आमची कोरडवाहू आठ एकर आहे, त्यातली चार विकली तर जमेल. मी शिक्षक होतो, शिक्षणाला नाही म्हणणं मला जमत नाही. पण या शिक्षणाचं पुढे होतं काय, हे कुणी सांगत नाही. (लातूर जिल्हा)

उत्तर : सर, जमीन विकू नका. पहिलं वाक्य तेच लिहिते, कारण बाकीचं वाचून तुमचं मन पुन्हा मुलाकडे झुकेल.

मुलाने निवडलेला अभ्यासक्रम उत्तम आहे. प्रिझर्व्हेशन अँड प्रेझेंटेशन ऑफ द मूव्हिंग इमेज. तिथल्या आय फिल्म म्युझियमशी तो जोडलेला आहे आणि त्यात प्रत्यक्ष संग्रहालयात काम करावं लागतं. त्याची पारख चांगली आहे. प्रश्न एवढाच की, हे काम त्याला आवडतं की या कामाची कल्पना आवडते, हे अजून त्यालाही माहीत नाही.

ते काम कसं असतं? एक डबा उघडायचा. उघडताच आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर समजायचं की फिल्मचा पाया, अॅसिटेट, कुजायला लागला आहे आणि शेजारच्या डब्यांनाही त्याची लागण होणार. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे पडद्यावरची अकरा मिनिटं. ते रिवाइंडिंगच्या टेबलावर दोन बोटांमध्ये कड धरून हातानेच सावकाश फिरवायचं. कड कुठे फाटली आहे, जुना जोड कुठे सुटायला आला आहे, भोकं कुठे तुटली आहेत, ते बोटाला कळतं. फिल्म आटलेली असते, किती आटली तेही मोजायचं. कोडॅकची फिल्म असेल तर कडेच्या बारीक खुणांवरून ती कुठल्या वर्षी बनली ते ओळखायचं. हे सगळं तक्त्यात भरायचं आणि पुढचा डबा घ्यायचा. एका सिनेमाचे असे पंधरा-सोळा डबे. खोली गार, वास तोच, बोलायला कुणी नाही. माझ्या ओळखीतल्या काहींना यातच परमेश्वर भेटला आणि काही जण महिन्याभरात जाहिरातीच्या कंपनीत गेले.

काम गरजेचं आहे याबद्दल शंका नको. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराच्या वर चित्रपट झाले. त्यातले आज मोजकेच उरलेत आणि त्यातलेही बरेच तुकड्यांमध्ये. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा पूर्ण नाही. पुण्याचं राष्ट्रीय फिल्म अर्काइव्ह १९६४ साली सुरू झालं. पुढच्या वर्षी तिथे पी. के. नायर रुजू झाले आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी गावोगाव फिरून, पत्रं लिहून, कधी हुज्जत घालून डबे गोळा केले. फाळक्यांच्या सिनेमाचे आज जे अवशेष दिसतात त्यामागे ही वणवण आहे. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच आग लागली आणि तिच्यात ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मचा मोठा साठा गेला. तो गेला तो गेलाच.

पण गरज आहे म्हणून जागा आहेत, असं आपल्याकडे होत नाही हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पुण्याचं अर्काइव्ह २०२२ पासून एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, छत्राखाली आहे. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. चेन्नई-मुंबईत रिस्टोरेशन, म्हणजे खराब फिल्म्सची दुरुस्ती, करणाऱ्या लॅब आहेत, काही निर्मात्यांचे आणि वाहिन्यांचे खाजगी साठे आहेत. एवढ्यात संपलं. कायम जागा बोटांवर मोजाव्यात इतक्या. अशा कामासाठी कर्जाचा हप्ता नाही परवडत, आणि विकलेली जमीन तर मुळीच नाही.

तेव्हा मुलाला क्रम उलटा करायला सांगा. फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५ पासून जागतिक फिल्म अर्काइव्हांच्या महासंघाच्या, म्हणजे फियाफच्या साथीनं जतनाची कार्यशाळा घेत आलं आहे. फियाफतर्फे बाहेरदेशीचे जाणकार येतात आणि हातात रीळ देऊन शिकवतात. तिथे त्याने अर्ज करावा. आठवडाभर तो वास सहन करून परत आल्यावर काय म्हणतो ते पाहा. मग पुण्यात अर्काइव्हच्या ग्रंथालयात बसून मराठी मूकपटांवर किंवा मराठवाड्यातल्या तंबू टॉकीजवर एक नीट टिपण लिहावं. इतिहासाचा विद्यार्थी आहे, हे त्याला येईल. जत्रेतल्या तंबूंचे मालक, त्यांचे ऑपरेटर, पेटी कुठून यायची, भाडं किती, हे सांगणारी माणसं अजून आहेत आणि फार दिवस असणार नाहीत. अॅमस्टरडॅमच्या निवड समितीपुढे असं टिपण कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा वजनदार ठरेल असं माझं मत आहे.

त्यानंतर पैसा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी सवलतीचं कर्ज देतं. इनलॅक्सची शिष्यवृत्ती आहे, पण विषय आणि वयाच्या अटी नीट वाचा. विद्यापीठाच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या आहेत. राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या प्रवर्गानुसार आहेत, त्यातली एखादी लागू होते का ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. आणि त्याने अमेरिकेतल्या रॉचेस्टरचाही विचार करावा. कोडॅकच्या त्या गावी जॉर्ज ईस्टमन म्युझियममध्ये १९९६ पासून सेल्झनिक स्कूल आहे. तिथे एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आहे. एका वर्षाचा खर्च दोन वर्षांपेक्षा कमी, आणि काम सगळं हाताने. नायट्रेटची जुनी प्रत प्रोजेक्टरवर चढवून दाखवणारं थिएटर त्याच इमारतीत आहे. अशी ठिकाणं जगात फार नाहीत.

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षांपासून फ्रँकफुर्टमध्ये आहे. पुण्यात एम.लिब. केलं होतं, चार वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. इथल्या गोएथे विद्यापीठात फिल्मकल्चरचं मास्टर्स आहे असं कळलं. माझं जर्मन बी१पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, झालंय. वय ३४. आता विद्यार्थी होणं हास्यास्पद दिसेल का? (फ्रँकफुर्ट)

उत्तर : अहो, चौघांमध्ये सगळ्यात पक्की बाजू तुमची आहे आणि घाबरलात तुम्हीच!

तो अभ्यासक्रम म्हणजे अर्काइव्हिंग, प्रोग्रॅमिंग आणि प्रेझेंटेशन या तीन अंगांनी फिल्म संस्कृती शिकवणारं चार सेमिस्टरचं मास्टर्स. विद्यापीठ आणि मायनकाठचं डीएफएफ, म्हणजे तिथलं फिल्म इन्स्टिट्यूट-म्युझियम, दोघं मिळून तो चालवतात. हेसेन राज्यात शिक्षण शुल्क नाही, दर सेमिस्टरला काहीशे युरोंची वर्गणी भरायची आणि त्यातच प्रवासाचं तिकीट येतं. तुम्ही तिथे राहताच, त्यामुळे इथून जाणाऱ्याला व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवावी लागते ती वर्षाची जवळजवळ बारा हजार युरोंची रक्कमही तुम्हाला नको.

अडचण भाषेची. शिकवणं मुख्यत्वे जर्मनमध्ये आहे आणि बी१वर सेमिनारात बसलात तर तुम्हाला विनोद कळणार नाहीत, युक्तिवाद तर सोडाच. जर्मन विद्यापीठं साधारण सी१च्या, म्हणजे बऱ्याच वरच्या पातळीच्या, आसपासची परीक्षा मागतात. प्रवेशाची अट विभागाला लिहून विचारा आणि वर्षभर भाषेला द्या. ते वर्ष घरात बसून काढू नका. विद्यापीठात पुपिल्ले नावाचं विद्यार्थ्यांनी चालवलेलं सिनेमागृह आहे. दरवर्षी निप्पॉन कनेक्शन हा जपानी सिनेमाचा महोत्सव होतो. तो २००० साली फ्रँकफुर्टच्याच विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि अजूनही स्वयंसेवकांच्या बळावर उभा आहे. वीसबाडेनला डीएफएफचाच गोईस्ट हा पूर्व युरोपातल्या सिनेमाचा महोत्सव असतो. स्टुटगार्टला भारतीय सिनेमाचा महोत्सव आहे, तिथे मराठी येणारं माणूस तर हवंच असेल. तिकीट फाडायला जा. जर्मन वर्गातही सुधारेल, पण रांगेत जास्त लवकर सुधारेल.

एम.लिब. ही तुमची खरी पुंजी. फिल्म अर्काइव्हमधलं रोजचं काम म्हणजे नोंदी : एकाच सिनेमाच्या चार प्रती, तीन भाषा, दोन लांबी, वेगवेगळी नावं, यातलं कोण कोणाचं हे लावणं. वर्गीकरण ज्याच्या अंगात मुरलंय त्याला ते काम कोडं सोडवल्यासारखं वाटतं, बाकीच्यांना शिक्षा. सिनेमाचे विद्यार्थी यात नेमके कच्चे असतात.

एक विषयही सुचवून ठेवते, प्रबंधाला उपयोगी पडेल. प्रभातच्या 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती काढायला व्ही. शांताराम १९३३ साली जर्मनीला गेले होते. त्याआधी १९२५ साली 'प्रेम संन्यास' हा मूकपट म्युनिकच्या कंपनीबरोबर भागीदारीत बनला. त्याचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन म्युनिकहून आले आणि पुढे बॉम्बे टॉकीजमध्ये रमले. या देवाणघेवाणीची जर्मन बाजूची कागदपत्रं, करार, पत्रं वाचायची तर जर्मन हवं, आणि प्रभातची बाजू वाचायची तर मराठी. दोन्ही येणारी माणसं किती असतील?

वयाचं म्हणाल, तर तिथल्या वर्गात तिशीपुढचे विद्यार्थी नवलाचे नाहीत. हास्यास्पद दिसण्याची काळजी पुण्याला सोडून या.

प्रश्न : मडगावचा आहे. गेली काही वर्षं दर नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे गोव्यातल्या भारताच्या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिव्हलला, व्हॉलंटियर असतो. मास मीडियाची पदवी आहे. पुढे काही शिकावं की असंच चिकटून राहावं? आई-बाबांना वाटतं मी दर वर्षी हिरो-हिरोइनी बघायला जातो. (मडगाव)

उत्तर : चिकटून राहा, पण जागा बदला. २००४ पासून इफ्फी गोव्यात आहे आणि तरी गोव्यातली मुलं वर्षानुवर्षं दारावरच दिसतात, याला जबाबदार कोण यावर मी स्वतंत्र लिहीन. यंदा अर्जात व्हॉलंटियर लिहू नका. प्रोजेक्शन किंवा प्रिंट विभागात काम मागा, नाहीतर फिल्म बझारमध्ये (आता त्याचं नाव वेव्हज फिल्म बझार). २००७ पासून इफ्फीला लागूनच हा बाजार भरतो. तिथे अजून न बनलेले सिनेमे विकायला आणि विकत घ्यायला माणसं येतात, बाहेरदेशीच्या फेस्टिव्हलांचे प्रोग्रॅमर येतात. त्यांच्या भेटींची वेळापत्रकं लावायचं काम रटाळ आहे, पण कोण कोणाला भेटतं आणि कशासाठी, हे तुम्हाला चार दिवसांत कळेल. पडद्यासमोर बसून ते वर्षभरात कळत नाही.

पदवीची घाई नको. नोव्हेंबर संपताच तिरुवनंतपुरम, मग पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ फेस्टिव्हल, अशी एक हिवाळी फेरी करा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या विभागात राबा. नंतर कुठला विभाग नको आहे ते कळेल आणि शिकायचं काय ते आपोआप ठरेल. तोवर कोंकणी-मराठी-इंग्रजी सबटायटल्स करायला लागा. मिनिटांवर पैसे मिळतात आणि गोव्यात तिन्ही भाषा नीट येणारी माणसं शोधावी लागतात.

आई-बाबांना एकदा डेलिगेट पास काढून आत घेऊन जा. सकाळचा खेळ निवडा, आणि कुठलाही हिरो नसलेला.